जायबंदी संघ

अमेरिकेच्या आग्नेय भागात अटलांटा नावाचे शहर आहे. ‘ब्रेव्ह्ज’ हा तेथील बेसबॉलचा नामांकित संघ. या खेळात प्रत्येक बाजूचे नऊ खेळाडू असतात. पिचर चेंडू फेकतो व फलंदाज तो टोलवतो. तीन तळांना शिवून तो मूळ जागी परतला, की एक धाव होते. चेंडू थेट मैदानाबाहेर गेला, तर त्यास ‘होमरन’ म्हणतात. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघाला १६२ सामने खेळावे लागतात. या खेळात कौशल्याइतकीच शरीराचीही कसोटी लागते.

२०२३ साली या संघाने १०४ सामने जिंकले आणि एका हंगामातील ३०७ होमरनच्या उच्चांकाशी बरोबरी केली. रोनाल्ड अकुन्या हा त्यांचा बिनीचा फलंदाज. त्याने ४१ होमरन मारलेच. शिवाय प्रतिपक्षाची नजर चुकवून ७३ वेळा पुढचा तळ गाठला. तरुण पिचर स्पेन्सर स्ट्रायडर याने २८१ फलंदाजांना चकवून बाद केले. साहजिकच पुढील हंगामाकडे सारे शहर मोठ्या आशेने पाहत होते.

परंतु २०२४ साली दैव फिरले. दोनच सामने खेळून स्ट्रायडरचा कोपर दुखावला आणि एप्रिलमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या चिवट तंतूंना अस्थिबंध म्हणतात. वेगाने चेंडू फेकताना कोपराच्या आतील अस्थिबंधावर विलक्षण ताण पडतो, आणि तो दुखावला की बरा होण्यास कित्येक महिने लागतात.

२६ मे रोजी पिट्सबर्ग येथे अकुन्या तळांमधून धावत होता. मागे वळण्याच्या प्रयत्नात त्याचा डावा गुडघा लचकला. कोणाची धडक नाही, की कोणाचा धक्का नाही. तरीही गुडघ्यातील अस्थिबंध तुटला आणि त्याचा हंगाम तेथेच संपला. जूनमध्ये मायकेल हॅरिसच्या मांडीचा स्नायू दुखावला. जुलैमध्ये ओझी अल्बीजचे मनगट मोडले. ऑगस्टमध्ये चेंडू लागून ऑस्टिन रायलीच्या हाताचे हाड मोडले. एकामागून एक आधारस्तंभ ढासळत गेले.

तथापि संघ खचला नाही. क्रिस सेल हा वयाची पस्तिशी गाठलेला पिचर त्या हंगामाच्या आधीच संघात आला होता. २०२० साली त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली होती. २०२२ साली तर बरगडी, बोट व मनगट यांना त्याच वर्षात एकेक करून इजा झाली होती. ‘याची कारकीर्द आता आटोपली,’ असे अनेकांना वाटत होते. त्याच सेलने १८ विजय मिळवले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम पिचरचा मान पटकावला.

शेवटी कसोटीचा दिवस आला. वादळामुळे लांबलेले दोन सामने ३० सप्टेंबरला एकाच दिवशी न्यूयॉर्कच्या मेट्स संघाशी खेळावयाचे होते. अंतिम फेऱ्यांत प्रवेश मिळण्यासाठी एक विजय आवश्यक होता. पहिला सामना ८-७ असा हातचा गेला. त्यातच पाठीच्या दुखण्यामुळे सेलही खेळू शकला नाही! मग चेंडू आला ग्रँट होम्सच्या हाती. २०१४ साली निवड होऊनही वरिष्ठ संघात पाऊल ठेवण्यास त्याला जून २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली होती. दहा वर्षे दुय्यम संघांत झिजलेल्या या खेळाडूने डगमगून न जाता चार डाव टाकले आणि एकही धाव दिली नाही. ब्रेव्ह्जने तो सामना ३-० असा जिंकला.

पुढे दोनच दिवसांत सॅन डिएगोच्या संघाने त्यांना सलग दोनदा हरवले आणि हंगाम संपला. एकूण विजय ८९. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. २०२१ सालीही अकुन्या जुलैमध्ये असाच जायबंदी झाला होता. त्या वर्षी संघाने अवघे ८८ सामने जिंकले होते, तरी अखेरचे अजिंक्यपद त्यालाच मिळाले! तेव्हा यश कोणाच्या पदरी पडेल, हे आपल्या हाती नाही. आपल्या हाती असते ती सिद्धता.

मुलांनो, जखमी गड्याने पुरती विश्रांती घेणे, हा भ्याडपणा नव्हे. ते शहाणपण होय. आणि राखीव गड्याचा सराव कोणी पाहत नसला, तरी तो वाया जात नाही. होम्सची पाळी दहा वर्षांनी आली. ती आली त्या दिवशी तो तयार होता.

स्वाध्याय
१. अकुन्याला दुखापत कशी झाली?
२. होम्सच्या खेळाला एवढे महत्त्व का आले?
३. २०२१ व २०२४ या दोन हंगामांची तुलना करा.
४. वाक्यांत उपयोग करा : हातचा जाणे, पदरी पडणे, डगमगणे.