कळ येते म्हणून जोर लावू नका

प्रश्न : गार पाणी प्यायलं की दातांत सणक जाते. दाढ किडलेली नाही, असं डॉक्टर म्हणतात. रोज मिश्री लावून दात जोर लावून घासते, तरी असं का?

उत्तर : तुमच्या प्रश्नातच कारण दडलेलं असावं, असं मला वाटतं. दाताच्या वरच्या कठीण आवरणाखाली दंतिन असतं आणि त्यात द्रवाने भरलेल्या अतिसूक्ष्म नलिका असतात. आवरण झिजलं किंवा हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं, की गारव्याने हा द्रव हलतो आणि आतल्या नसेला कळ पोहोचते. मिश्रीचे खरखरीत कण आणि आडवं, जोरात घासणं नेमकी हीच झीज करतात. मिश्रीने हिरड्या बळकट होतात, असं आपल्याकडे अजूनही सांगितलं जातं. पण ती जाळलेली तंबाखू आहे. तिच्यामुळे बरं वाटतं ते निकोटिनची तलफ भागल्यामुळे. हिरड्यांचं नुकसान होतं आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. ती आजच सोडा.

मऊ ब्रशने, हलक्या हाताने घासा. लिंबू सरबत किंवा कोकम घेतल्यावर अर्धा तास थांबा, कारण आम्लाने आवरण तात्पुरतं मऊ पडतं. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट वापरा. आठवड्याभरात फरक नाही म्हणून अनेकजण ती सोडतात. तिला चार आठवडे तरी द्या. घासून झाल्यावर फेस थुंका, चूळ भरू नका. मात्र एकाच दाताला कळ येत असेल, ती रेंगाळत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर पेस्टवर विसंबू नका, पुन्हा तपासून घ्या.