आकाशांतून सिद्धेश्वराचें पाणी मोजतांना



हिमालयांतील गंगोत्री हिमनदी मागें हटत आहे, असें आपण भूगोलांत वाचतों. हें कळतें कसें? निरनिराळ्या वर्षीं उपग्रहांनीं टिपलेलीं चित्रें संगणकावरील नकाशांत एकावर एक ठेवून बर्फाच्या कडा ताडून पाहतात. आपल्या हिंगोली जिल्ह्यांत बर्फ नाहीं. परंतु पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर जलाशय आहे, व त्याचा विस्तार ह्याच रीतीनें मोजतां येतो.

पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ सालीं आकाशांत गेला. २००८ सालापासून त्या मालिकेचीं चित्रें सर्वांस विनामूल्य मिळूं लागलीं. क्यूजीआयएस ही नकाशे करण्याची संगणकप्रणालीही विनामूल्यच आहे. चित्रांतील प्रत्येक घर ३० मीटर लांब व तितकेंच रुंद, म्हणजे ९०० चौरस मीटरांचें असतें. पाणी हिरवा प्रकाश थोडाबहुत परत पाठवितें, पण डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश बहुतेक गिळून टाकतें. उभ्या पिकाचें याच्या उलट. म्हणून हिरव्याच्या मापांतून अवरक्ताचें माप वजा करावें व दोहोंच्या बेरजेनें भागावें. समजा, हिरवा ८ व अवरक्त २. तर ६ भागिले १०, म्हणजे ०.६. उत्तर शून्याहून अधिक आलें, तर तेथें बहुधा पाणी. अशीं १,००० घरें मिळून ९० हेक्टर होतात.

आम्हीं प्रथम हा प्रयोग केला, तेव्हां एका वर्षाचें नोव्हेंबरचें व दुसऱ्या वर्षाचें मे महिन्याचें चित्र शेजारीं ठेवलें, आणि जलाशय आटत चालला असें ठरवून बसलों! वास्तविक ऋतूच बदलला होता. हिमनदीचे अभ्यासक उन्हाळ्याच्या अखेरचींच चित्रें घेतात. कारण ताजें हिम जुन्या बर्फाची कडा झांकून टाकतें. आपणही मे महिन्याची तुलना मे महिन्याशींच करावी.

शिवाय, वरच्या अंगास असलेल्या येलदरी धरणांतून पाणी सोडलें कीं सिद्धेश्वराचा विस्तार वाढतो; म्हणून दोन्ही जलाशय एकत्र पाहावे. चित्र विस्तार दाखवितें, खोली नाहीं. तळाशीं गाळ सांचला तरी भरलेला जलाशय वरून तसाच दिसतो. यास्तव धरणावरील पातळीची नोंदही सोबत घ्यावी.

पाऊस हुकलेल्या वर्षीं घागरभर पाण्याची किंमत मराठवाड्यास सांगावयास नको. पाण्याविषयीं खोटी भीति व खोटा धीर दोन्ही सारखेच घातक. म्हणून प्रथम नीट मोजावें, मग बोलावें.