स्तरित ज्वालामुखी आणि पूर्वसूचनेचे महत्त्व

लाव्हारस, राख आणि खडकांचे तुकडे यांचे थर एकावर एक साचून जो उंच शंकूसारखा पर्वत तयार होतो, त्यास स्तरित ज्वालामुखी म्हणतात. जपानचा फुजी व इटलीचा व्हेसुव्हियस ही त्याची परिचित उदाहरणे होत. त्यांतील शिलारस चिकट असल्याने वायू कोंडून राहतात. म्हणून त्यांचे उद्रेक बहुधा स्फोटक असतात.

कोलंबियातील नेवादो देल रुईस हा असाच हिमाच्छादित पर्वत. १३ नोव्हेंबर १९८५ रोजी झालेल्या त्याच्या उद्रेकाने शिखरावरील बर्फ वितळले व चिखलाचे लोंढे नदीखोऱ्यांतून धावले. सुमारे अडीच तासांनी त्यांनी आर्मेरो हे शहर गाडून टाकले. या आपत्तीत सुमारे २३,००० लोक मृत्युमुखी पडले. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता. परंतु शहर वेळेवर रिकामे करण्यात आले नाही.

फिलिपाइन्समधील पिनातुबोचा १५ जून १९९१ चा उद्रेक याहून कितीतरी मोठा होता. तेथे शास्त्रज्ञांनी धोक्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या, अधिकाऱ्यांना ज्वालामुखीच्या संकटांची चित्रफीत दाखविली आणि हजारो रहिवाशांना आधीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आले. त्यामुळे किमान ५,००० लोकांचे प्राण वाचल्याचा अंदाज आहे.

उद्रेक थोपविणे मानवास शक्य नाही. मात्र शास्त्रज्ञांनी दिलेली सूचना शेवटच्या घरापर्यंत वेळेत पोहोचविणे हे प्रशासनाच्या व लोकांच्या हाती असते.