गाडीचा टप अडतो कशाने?

सातारा जिल्ह्याचा नकाशा पुढे घ्या. पश्चिमेला महाबळेश्वर. तेथे वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेला माण तालुका; तेथे तो ५०० मिलिमीटरच्या आसपास. त्याला लागून सांगली जिल्ह्यातील आटपाडी, तीही कोरडीच. उन्हाळाभर दहिवडी-आटपाडीच्या रस्त्यांवर फिरलेली गाडी जूनमध्ये घाट चढून महाबळेश्वरला गेली, की धुळीच्या मुलखातून थेट पाण्याच्या मुलखात येते. तिच्या टपाला सरकती काच, म्हणजे सनरूफ असेल, तर तिची खरी परीक्षा येथे होते. बटण दाबावे, तर काच अर्ध्यात थांबते. किंवा मिटत मिटत येते आणि आपोआप पुन्हा उघडते! वर पाऊस तर सुरूच.

किती पाणी आत येईल? टपाची उघडी जागा ८० सेंटिमीटर लांब व ५० सेंटिमीटर रुंद धरा. क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर. तासाला २५ मिलिमीटर पाऊस असेल, तर तासाभरात १० लिटर पाणी आत! गणित स्वतः करून पाहा.

आता यंत्रणा पाहू. काचेच्या दोन्ही बाजूंना रुळासारख्या खोबणी असतात. एक लहान मोटर मळसूत्री दंतचक्राच्या साहाय्याने दोन जाड तारा पुढेमागे सरकवते. त्या तारांवर पिळाचे वेढे असतात, त्यांत चक्राचे दात अडकतात. एक तार काचेची डावी बाजू ढकलते, दुसरी उजवी. दोन्ही बाजू बरोबरीने सरकल्या पाहिजेत.

एक काडेपेटी घ्या. आतला खण मधोमध ढकला, सहज सरकतो. आता तोच एका कोपऱ्यावर बोट ठेवून ढकला. तो तिरका होतो आणि अडतो. जितका जोर लावाल तितका घट्ट रुततो. एका खोबणीत माती साचली किंवा एक तार दातावरून घसरली, की सनरूफचे नेमके हेच होते. म्हणून अडलेली काच हाताने रेटू नये.

पण ती आपोआप परत का उघडते? हा भाग मला सर्वांत गमतीचा वाटतो. मोटरच्या आसाबरोबर एक लहान चुंबक फिरतो. त्याजवळ एक संवेदक बसवलेला असतो. तो बहुधा एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालतो. चुंबकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो स्पंद देतो. स्पंद मोजून यंत्रणेला काच कोठे आहे ते कळते. स्पंद मंदावले, की वाटेत काहीतरी आले हे कळते. ते काहीतरी एखाद्या लहान मुलाचे बोट असू शकते! म्हणून काच लगेच मागे फिरते. आपोआप मिटणाऱ्या काचेचा दाब १०० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे १० किलोग्रॅम वजनाच्या भारापेक्षा, वाढता कामा नये, असा दंडक युरोप-अमेरिकेच्या नियमांत आहे. गंमत अशी, की बोट आणि माणची माती यांतला फरक या यंत्रणेला कळत नाही. तिला कळतो तो फक्त अडथळा.

तेव्हा उपायही तेथूनच सुरू होतो. आधी फ्यूज व बॅटरी तपासावी. ती ठीक असतील, तर खोबणी मऊ ब्रशने व ओल्या फडक्याने स्वच्छ कराव्यात. खोबरेल तेल सोडण्याचा सल्ला हटकून मिळतो; तो ऐकू नका. तेलात धूळ कालवली, की खोबणी घासणारा लगदा तयार होतो. खनिज तेलाने रबरी पट्टीही फुगू शकते. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले ग्रीस, तेही अगदी थोडे, पुरे.

काच बंद असली, तरी रबरी पट्टी सगळे पाणी अडवत नाही. तशी तिच्याकडून अपेक्षाही नसते. कौलारू घराला पन्हळ असते, तशी काचेभोवती पन्हळ असते, आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली उतरतात. त्या पाचोळ्याने तुंबल्या, की पाणी आतल्या अस्तरात उतरते. पन्हळीत पेलाभर पाणी हळूहळू ओतावे. ते गाडीखाली ठिबकले, तर नळी मोकळी आहे असे समजावे. तुंबली असल्यास नायलॉनची लवचिक बारीक दोरी अलगद सरकवावी. जोराची हवा मारू नये. नळी सांध्यातून निसटते.

बॅटरी काढून पुन्हा जोडली असेल, तर काच कोठे आहे हे यंत्रणा विसरलेली असू शकते. मग अनेक गाड्यांत बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. काच एकदा पूर्ण उघडते, मिटते आणि तिला आपली जागा पुन्हा सापडते. पद्धत गाडीगणिक निराळी, म्हणून पुस्तिका पाहावी. या वेळी बोट ओळखणारी सोय चालू असेलच असे नाही. म्हणून हे काम मोठ्या माणसाने करावे, आणि तोवर टपाजवळ कोणाचाही हात नसावा.