कुंपणच शेत खाते तेव्हा : संधिज्वर आणि बालकांचे हृदय

राखणीसाठी घातलेले कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागावयाची? मानवी शरीरातही कधी कधी असाच प्रकार घडतो. रोगजंतूंचा नाश करणारी प्रतिकारयंत्रणा आपले आणि परके यांतील भेद विसरते व स्वतःच्याच शरीरावर तुटून पडते. यालाच आत्मप्रतिरक्षा म्हणतात. संधिज्वर हे तिचे एक ठळक उदाहरण होय.

हा रोग प्रामुख्याने ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलामुलींना होतो. दाटीवाटीच्या वस्तीत त्याचा धोका अधिक असतो. त्याचा प्रारंभ होतो तो घसादुखीने. स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूंमुळे घसा सुजतो, ताप येतो, गिळताना दुखते. शरीर या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे व लढाऊ पेशी तयार करते. परंतु या जंतूंमधील काही प्रथिने आणि मानवी हृदयातील काही प्रथिने यांच्या रचनेत साम्य आहे. त्यामुळे काही मुलांच्या बाबतीत जंतूंवर उगारलेले शस्त्र हृदयावरच चालते.

घसा बरा झाल्यावर साधारणतः दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. गुडघे, घोटे, कोपर, मनगटे असे सांधे एकामागून एक सुजतात व दुखतात. ही सूज ओसरते आणि घरची माणसे निर्धास्त होतात. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र अनेकदा मागे राहते. रोग उलटला की ती वाढत जाते. पुढे ऐन तारुण्यात धाप लागू लागते. स्त्रियांच्या बाबतीत गरोदरपण व बाळंतपण जोखमीचे ठरते.

हे संकट टाळता येण्यासारखे आहे. प्रत्येक घसादुखी या जंतूंमुळे होत नाही. तो निर्णय डॉक्टरांनीच करावयाचा असतो. मात्र अशा घसादुखीवर नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिनचा उपचार सुरू झाल्यास संधिज्वर बहुधा टळतो. ज्यांना तो एकदा होऊन गेला आहे, त्यांना बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन साधारणतः दर तीन आठवड्यांनी, अनेक वर्षे घ्यावे लागते. नेमका हाच क्रम मध्येच तुटतो. मूल हिंडते-फिरते आहे, मग सुई कशाला, असे पालकांना वाटते. कधी कुटुंब कामासाठी परगावी जाते.

पालघर येथून ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा व अंगणवाड्यांतील बालकांची तपासणी केली जाते. संधिज्वरजन्य हृदयविकाराचाही तीत समावेश आहे. परंतु पथक येते आणि जाते. मुले रोज दिसतात ती शिक्षकांना. सांधे सुजलेले, खेळताना लवकर दमणारे मूल दिसताच त्याला आरोग्य केंद्रात पाठवावे. गावातील अशा रुग्णांची इंजेक्शने वेळेवर होतात की नाही, याकडे पंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने लक्ष पुरवावे. एवढ्या दक्षतेने अनेक बालकांची हृदये सुरक्षित राहू शकतील.