रेघ का थरथरते?

गेल्या फेब्रुवारीत फेस्टमध्ये आम्ही चौघांनी मिळून एक स्टॉल टाकला होता. '२० रुपयांत तुमचे कॅरिकेचर!' चित्रकार अर्थात अस्मादिक. फ्रेशर्सची पोस्टर्स, ब्रँचचे टी-शर्ट, गणपतीचे बॅनर असे सगळे माझ्या टॅब्लेटवर झालेले, त्यामुळे हॉस्टेलमध्ये आपली हवा होती. (टॅब्लेट म्हणजे स्क्रीनवाला नव्हे. लॅपटॉपला जोडायची काळी पाटी. तिच्यावर पेन फिरवले की चित्र स्क्रीनवर उमटते.) पण स्टॉलवर प्लग पॉइंटच मिळाला नाही. म्हटलं, हरकत नाही, कागद आणि मार्करवर काढू.

पहिले गिऱ्हाईक म्हणजे आपल्या गेटवरचे रात्रपाळीचे वॉचमन काका. खास इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी दहा मिनिटे खपून चित्र काढले. काकांनी ते हातात धरले, लांब केले, जवळ आणले आणि शांतपणे विचारले, "बाळा, हे मी म्हातारा झाल्यावरचं काढलंस का?"

त्यांचे काही चुकले नव्हते. गाल, नाक, मिशी, प्रत्येक रेघ एस.टी.त बसून काढल्यासारखी. मी पैसे घेतले नाहीत. काकांनी मात्र चित्राची नीट घडी करून खिशात ठेवली, आणि ते मला जास्त लागले.

त्या रात्री मी एकच प्रश्न घेऊन बसलो. माझी ती गुळगुळीत रेघ गेली कुठे? उत्तर सापडायला दोन मिनिटेही लागली नाहीत. ती माझी नव्हतीच. मी क्रिटा वापरतो. हे फुकट मिळणारे आणि फार चांगले सॉफ्टवेअर आहे. त्यात ब्रश स्मूदिंगचा एक पर्याय असतो, स्टॅबिलायझर नावाचा. तो मी सेकंड इयरच्या सुरुवातीला चालू केला आणि स्लायडर उजवीकडे सरकवत सरकवत शेवटाला नेऊन ठेवला होता. तो बंद करून एक साधी आडवी रेघ ओढली. सेम टु सेम एस.टी.

आता इथे थोडे गणित करू, कारण रेघेचा प्रश्न निम्मा हाताचा आणि निम्मा आपल्या सिलॅबसचा आहे.

निरोगी माणसाचा हातसुद्धा कधीच स्थिर नसतो. त्यात सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा असा बारीक कंप सतत चालू असतो. (रात्र जागून आणि चौथा चहा पिऊन तो वाढतो, त्यामुळे सबमिशनच्या रात्री चित्र काढू नये.) समजा २० सेंटिमीटरची रेघ जपून, बेताबेताने १० सेकंदांत ओढली. तिच्यात ८० ते १२० कंप मावले. म्हणजे दर दोनेक मिलिमीटरला एक लाट, आणि ही लाट डोळ्याला लगेच दिसते. आता तीच रेघ अर्ध्या सेकंदात ओढा. कंप फक्त ४ ते ६. एकेक लाट ३ ते ५ सेंटिमीटर लांब पसरली, उंची मात्र मिलिमीटरच्या अंशाएवढीच. ती कुणाला दिसणार? हात तोच, कंप तोच, फक्त वेग बदलला.

म्हणजे आपण नेमके उलटे करत असतो. रेघ वाकडी येते म्हणून आणखी हळू काढतो, आणि हळू काढतो म्हणून ती आणखी वाकडी येते. ज्यांनी फर्स्ट इयरला ईडीच्या शीटची जीटी मारली आहे (सरांनी हे वाक्य वाचू नये) त्यांनी हे प्रत्यक्ष पाहिले असेल. काचेखाली बल्ब, वर आपला कागद, खालची रेघ मिलिमीटर-मिलिमीटरने गिरवत जायची. पट्टीने मारलेल्या रेघा ठीक येतात, पण हाताने जोडलेला एलिप्स पाहा. जीटी कुणी मारली ते तिथे कळते. गिरवलेली रेघ भित्री असते.

मग स्टॅबिलायझर काय करतो? सिग्नल्सवाल्यांना सांगायला नको, तो लो-पास फिल्टर आहे. सॉफ्टवेअरनुसार पद्धत बदलते, पण समजायला सगळ्यांत सोपी म्हणजे सरासरी. टॅब्लेट सेकंदाला सुमारे २०० वेळा पेनाची जागा कळवतो असे धरा. शेवटच्या ४१ बिंदूंची सरासरी काढून तिथे ब्रश टेकवला, तर ती खिडकी ०.२ सेकंदांची झाली. १० हर्ट्झच्या कंपाची दोन पूर्ण आवर्तने तिच्यात बसतात, वरचे आणि खालचे एकमेकांना खाऊन टाकतात, कंप जवळजवळ शून्य! अगदी जादू. पण फुकट काही मिळत नाही. सरासरीचा मध्य २० बिंदू मागे असतो, म्हणजे ०.१ सेकंद उशीर. सेकंदाला ४० सेंटिमीटर वेगाने रेघ ओढली तर ब्रश पेनाच्या ४ सेंटिमीटर मागे लोंबकळत येतो. हे डोळ्यांना सहन होत नाही, म्हणून हात नकळत हळू होतो. आणि हळू झाला की पुन्हा वरचे गणित. शिवाय फिल्टरला कंप कुठला आणि कोपरा कुठला हे कळत नाही, तो दोन्ही घासतो. माझ्या जुन्या पोस्टर्समधली सगळी माणसे साबणाची केल्यासारखी का दिसतात, कॉलरची टोकेसुद्धा गोल का आहेत, ते मला तेव्हा उमगले.

ज्यांचा हात आजाराने थरथरतो त्यांना स्टॅबिलायझर हे वरदान आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. माझा हात मात्र आजारी नव्हता, आळशी होता.

सुट्टीत सांगलीला गेलो तेव्हा घराजवळच्या एका दुकानाच्या शटरवर नाव रंगवायचे काम चालू होते. रंगवणारे पेंटर काका साठीचे असतील. एका हातात टोकाला चिंधी गुंडाळलेली काठी. ती शटरला टेकवलेली, तिच्यावर ब्रशचा हात विसावलेला. अक्षराची उभी रेघ वरून खाली एका दमात उतरायची, हवेतून काहीतरी सरकन घसरत यावे तशी. दोन दिवस पाहून तिसऱ्या दिवशी धीर करून विचारले, एवढी सरळ कशी येते? ते म्हणाले, "रेघंकडं बघू नको. जायचंय तिथं बघ."

मी घरी येऊन करून पाहिले. स्क्रीनवर दोन ठिपके द्यायचे. पेन पहिल्या ठिपक्यावर, नजर दुसऱ्यावर. पेन न टेकवता हवेतून तोच मार्ग दोनदा फिरवायचा, तिसऱ्या फेरीत टेकवायचे आणि ओढायचे. मधे थांबायचे नाही, दुरुस्ती नाही. पहिल्या दिवशी रेघा गुळगुळीत आल्या पण ठिपका सोडून भलतीकडेच गेल्या. घाबरू नका. वेग आणि नेम यांची ओढाताण असतेच, १९५४ मध्ये पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने तिचे सूत्रसुद्धा मांडले आहे. माझे मत असे की आधी गुळगुळीत रेघ येऊ द्यावी, नेम नंतर लागतो. रोज २० मिनिटे, आधी सरळ, मग कमानी, मग एलिप्स. माझा नेम बरा व्हायला सहा आठवडे लागले.

दुसरे म्हणजे हात कुठून हलतो. मनगट टेकवून काढाल तर मनगट हा केंद्रबिंदू आणि त्रिज्या जेमतेम १२-१३ सेंटिमीटर. तुमच्या सगळ्या लांब रेघा त्याच कंपासने काढल्यासारख्या वाकणार. कोपरातून हलवले की त्रिज्या तिपटीच्या आसपास जाते, खांद्यातून आणखी. टॅब्लेट छोटा असेल तर खांद्याला फारसे काम उरत नाही, पण कोपर तरी वापरा.

आणि छोट्या टॅब्लेटची एक गोम आहे. माझा ६ इंच रुंद आहे, म्हणजे १५ सेंटिमीटर. लॅपटॉपची स्क्रीन साडेचौतीस. हाताची प्रत्येक हालचाल स्क्रीनवर सव्वादोन पट होते, कंपसुद्धा. म्हणून झूम असा ठेवावा की हवी ती रेघ एका दमात पाटीवर मावेल आणि पाटीचा बराचसा भाग वापरेल. त्याहून जास्त झूम केला की एक गाल पाच तुकड्यांत काढावा लागतो, आणि साधे दिसतात. हाताला सोयीची नसेल ती रेघ काढण्याआधी कॅनव्हास फिरवा. क्रिटात ४ आणि ६ ही बटणे त्यासाठीच आहेत, ५ दाबले की पुन्हा सरळ. कागद आपण न सांगता फिरवतो, स्क्रीनवर का कुणास ठाऊक विसरतो. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये टॅब्लेट आणि स्क्रीनचे प्रमाण सारखे केले आहे का, तेही बघा. १६:१० ची पाटी १६:९ च्या स्क्रीनवर ताणली तर वर्तुळाचा एलिप्स होतो आणि आपण उगाच हाताला शिव्या देतो.

कंट्रोल-झेडबद्दल मी कडक झालो आहे. सरावाच्या वेळी बंद म्हणजे बंद. मागे घेता येते हे माहीत असले की रेघ ओढताना मन निम्मेच हजर असते. मार्करच्या कागदावर मी फसलो ते त्यामुळेही.

रेघ सरळ आली की चांगली झाली असे मात्र नाही. ईडीत शिकलोच आहोत, दिसणारी कड जाड, डायमेन्शनची रेघ बारीक, प्रमाण दोनास एक. चित्रातही डोळा हेच शोधतो. जवळची वस्तू, सावलीची बाजू, हनुवटीखालचा भाग इथे रेघ जाड, उजेडाकडे बारीक. आर. के. लक्ष्मण यांची ब्रशची रेघ पाहा, एकाच फटकाऱ्यात जाड होऊन बारीक होते. उलट मारिओ मिरांडांची पेनची रेघ बरीचशी एकसारखी, तरी गोव्याची सगळी गर्दी तिच्यात नाचते. म्हणजे नियम एकच नाही, पण दोघांच्याही रेघेत कुठे चाचपडणे नाही. टॅब्लेटचे पेन दाबाच्या ८१९२ पातळ्या ओळखते असे खोक्यावर लिहिलेले असते. तेरा बिट, छान. हाताला त्यातल्या मोजक्याच वापरता येतात. त्यापेक्षा सेटिंगमधला दाबाचा आलेख आपल्या हाताप्रमाणे वाकवून घेणे जास्त उपयोगी. मी पेन फार दाबतो, म्हणून माझा आलेख सुरुवातीला सपाट ठेवला आहे. निब झिजून तिरकी झाली असेल तर बदला, ती पाटीवर ओरखडे पाडते.

जुलैत काकांना पुन्हा बसवले, गेटवरच्या केबिनमध्ये, कागद आणि मार्कर घेऊनच. चार मिनिटे लागली. नाकाची रेघ थोडी जास्तच लांब गेली, ती तशीच ठेवली. काकांनी चित्र लांब धरले, जवळ आणले. "नाक माझ्या भावाचं आहे," ते म्हणाले, "पण वय बरोबर आहे."

स्टॅबिलायझर मी पूर्ण सोडलेला नाही. अक्षरे आणि लोगो करताना थोडा चालू ठेवतो, चेहऱ्यांना बंद. कुणाला करून पाहायचे असेल तर टॅब्लेट माझ्या रूमवर असतो. सबमिशनचा आठवडा सोडून कधीही या, निब मात्र आपापली आणा.