ठेवलेले छप्पर आणि बांधलेले छप्पर

खडकावर व वाळूवर बांधलेल्या दोन घरांचा दाखला आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक आहे. त्यावरून आपण घराचा पाया पाहावयास शिकलो, हे चांगलेच झाले. परंतु वाऱ्याच्या वादळात पुष्कळ घरे पायाकडून नव्हे, तर छपराकडून जातात. शाहूवाडी तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर आम्ही पाहतो, तो कितीतरी छपरे भिंतींस बांधलेली नसून भिंतींवर केवळ ठेवलेली असतात. म्हणून वारा घर कसे मोडतो, व मोडलेले घर पुन्हा कसे उभे करावे, ह्या दोन गोष्टींचा ह्या पाठात विचार करू.

ता. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात किनाऱ्यास लागले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तसेच दापोली व मंडणगड ह्या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, व घरोघरची कौले आणि पत्रे उडाले. पुढील वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ समुद्रातूनच गुजरातेकडे गेले. तरी जाता जाता त्याने कोकणातील घरांची हानी केलीच.

कोणी म्हणेल, “आंबा घाट चढून ते वादळ आमच्याकडे कशास येईल?” हे म्हणणे काही अंशी खरे आहे. चक्रीवादळास बळ मिळते ते समुद्राच्या उबदार पाण्याच्या वाफेपासून. जमिनीवर आल्यावर ते बळ ओसरू लागते. परंतु चैत्र-वैशाखातील वळवाचा वारा आपल्या परिचयाचा आहे. तो घटकाभरच वाहतो. तथापि पत्रा उचलावयास तेवढी घटका पुरे होते. वारा कोठलाही असो, घर मोडण्याची त्याची रीत एकच.

ती रीत अशी. वारा घरास केवळ ढकलतो असे आपणांस वाटते. पण तो छपरास वर ओढतो. पाख्यावरून जाताना त्याचा वेग वाढतो व तेथील हवेचा दाब उतरतो. त्याच वेळी वाऱ्याकडचे दार उघडे राहिले, तर आत शिरलेली हवा छपरास खालून रेटते. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. वळचण, आढे व कोपरे ह्या ठिकाणी तो सर्वांत अधिक असतो; म्हणून पत्रा प्रथम कडेने उचलला जातो.

छपरावर दगड ठेवण्याची आपली चाल ह्यासाठी घातक आहे. मोठ्या वाऱ्यास तो दगड पुरत नाही, आणि पत्र्याबरोबर निघालेला दगड खाली कोणाच्या डोक्यात पडेल ह्याचा नेम नाही. छप्पर वजनाने नव्हे, बांधणीने टिकते. पत्रा हुकाच्या बोल्टाने रिपेस, रीप वाशास, वासा तुळईस, आणि तुळई लोखंडी पट्टीने भिंतीस किंवा जमिनीत पुरलेल्या खांबास जखडली पाहिजे. ह्यांतील एक जोड सुटला, तर बाकीचे व्यर्थ होत. कडेच्या ओळींत बोल्ट जवळजवळ मारावेत. कौलारू घरात निदान वळचणीची व आढ्याची कौले तारेने बांधावीत.

येथे एक अडचण आहे. आपल्याकडे पाऊस फार. मातीची भिंत वाचविण्यास वळचण लांब लागते, आणि लांब वळचणीसच वारा धरतो. ह्यास उपाय असा की, पडवीचे छप्पर मुख्य छपराहून वेगळे बांधावे. मग एखादे वेळी पडवी गेली, तरी माजघर वाचते.

आता वादळानंतरचे कर्तव्य. वादळाचा मध्य गावावरून जात असेल, तर वारा एकाएकी थांबतो व थोड्या वेळाने उलट दिशेने सुटतो. म्हणून शांत झाले असे पाहून लगेच बाहेर पडू नये. पडलेल्या तारेस किंवा तिला लागलेल्या पत्र्यास हात लावू नये; वीजमंडळींस आधी कळवावे. विहिरीत घाण गेली असल्यास पाणी उकळून प्यावे.

त्यानंतर पहिले काम भिंतीचा माथा झाकण्याचे. वारा छप्पर नेतो, पण मातीची भिंत पाऊस नेतो. ‘निसर्ग’ आले तेव्हा मृगाचा पाऊस तोंडावर होता, ही गोष्ट विसरू नये. ताडपत्री, जुना पत्रा, गवत, जे मिळेल ते भिंतीवर घालून बांधावे. मात्र मोडतोड हलविण्यापूर्वी तिची छायाचित्रे काढावीत, आणि ज्यांस आपण तलाठी म्हणत आलो त्या महसूल अधिकाऱ्यांस कळवून पंचनामा करून घ्यावा. पंचनाम्यावाचून सरकारी साहाय्य मिळणे कठीण. अक्षरओळख नसलेल्या शेजाऱ्याचा अर्ज उपदेशकांनी लिहून द्यावा.

शेवटची गोष्ट. शेतात आपण इर्जिक घालतो. एकाचे रान सर्वांनी मिळून उरकतो. घरासाठीही तसेच व्हावे. ज्या घरी हातपाय चालणारा माणूस नाही, त्या विधवेच्या किंवा वृद्धाच्या घरापासून आरंभ करावा. कारण धडधाकट मनुष्य चार दिवस शेजाऱ्याच्या पडवीत काढील, पण ह्यांची भिंत एकदा विरघळली म्हणजे ती पुन्हा उभी राहणे दुरापास्त. आणि छप्पर पूर्वीसारखे नुसते ठेवू नये. ह्या वेळी ते बांधावे.

विचारासाठी प्रश्न
१. आपल्या घराच्या छपरातील कोणता जोड सर्वांत कच्चा आहे?
२. छपरावरील दगड कोणत्या दिवशी उतरवाल?
३. आपल्या वस्तीत कोणाचे छप्पर पावसाळ्यापूर्वी सर्वांनी मिळून बांधले पाहिजे?